नव्याचा पहिला घास

आमच्या जामसरच्या पाड्यावर लक्ष्मण भोये यांना बसलेलं पाहिलंय, असं छातीठोक सांगणारा माणूस मला बरीच वर्षं भेटलाच नाही. चहा उभ्यानं, बिडी उभ्यानं, जेवणसुद्धा ताटली हातात धरून अंगणात फेऱ्या मारत. मयताला गेले तरी सगळे मांडी घालून बसलेले आणि हे मागं कुडाच्या भिंतीला टेकून या पायावरचा भार त्या पायावर देत उभे. एकदा ग्रामसभेत सरपंचांनी स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. लक्ष्मणमामांनी ती उचलून एका बाळंतिणीला नेऊन दिली आणि सभा संपेपर्यंत दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "दार सोडा, दार सोडा" म्हणत राहिले.

हे "दार सोडा" त्यांच्या नोकरीतून आलेलं. मामा एसटीत ड्रायव्हर होते. जव्हार डेपोची नाशिकची गाडी त्यांनी उभी हयात चालवली. मोखाड्यावरून जायचं, तोरंगणचा घाट चढायचा, परत यायचं. आता निवृत्त. बायको जाऊन बराच काळ लोटला, मूलबाळ नाही. "मामा, बसत का नाही हो?" असं मी एकदा वैतागून विचारलं, कारण समोरचा माणूस सारखा हलत असला की मला गरगरायला लागतं.

"बसून झालं ना, बाई," मामा म्हणाले. "सरकारनं पगार देऊन बसवलं. आता फुकट कोण बसतंय?"

मला ते पटलं. मी इथल्या आश्रमशाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर दिसलं की खोलात शिरायची मला सवय नाही. शिवाय मी मूळची कोल्हापूरकडची, त्यामुळे आवाज मोठा, तिखटाचा हात सैल आणि धीर कमी. माझं क्वार्टर आणि मामांचं घर यांच्यामध्ये एक चिंचेचं झाड आहे. ते नक्की कुणाचं हे आजवर ठरलेलं नाही. चिंचा मी घेते, चिंचोके मामा घेतात.

तर चिंचोके. मामांच्या शर्टाच्या खिशात भाजलेले चिंचोके कायम. घाटात डोळा लागू नये म्हणून गाडी चालवताना एकेक तोंडात टाकायचे आणि कट्ट करून फोडायचे. त्यांच्या गाडीनं जाणारी माणसं अजून सांगतात, की मागच्या बाकावर पेंगताना पुढून तो कट्ट ऐकू आला की बरं वाटायचं. ड्रायव्हर जागा आहे एवढं कळायचं. निवृत्तीनंतर घाट सुटला, चिंचोके सुटले नाहीत. आणि दात तर त्यांचं हत्यारच होतं. सोड्याची बाटली दातानं, बैलाच्या दाव्याची गाठ दातानं, एकदा तर माझ्या खुर्चीचा वाकडा खिळा ते दातानं ओढायला निघाले होते. मी खुर्चीच आत नेली.

यंदा भातकापणीच्या दिवसांत एक चिंचोका जिंकला. खालची दाढ उभी चिरली. मामांनी लवंग ठेवली, तंबाखू ठेवली, मीठ-पाणी केलं आणि डॉक्टर सोडून सगळ्यांना दाखवलं. गाल असा सुजला की शाळेतली पोरं त्यांना ओळखेनात. शेवटी धाकट्या भावानं, काशिनाथनं, त्यांना धरून नाशिकला नेलं. तिथल्या दातांच्या डॉक्टरांना चिरलेल्या दाढेच्या मागं, हाडात, अक्कलदाढ आडवी पडलेली सापडली. हे ऐकून पाड्यावर कुणाला फारसं नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी हिरडी कापून दोन्ही काढल्या, टाके घातले आणि सांगितलं, की काही दिवस थंड आणि मऊ खा, गरम नको, तिखट नको, कडक काही नको, मग हळूहळू नेहमीचं सुरू करा.

मामांनी यातला "हळूहळू" हा शब्द घट्ट धरला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची धावपळ कळायची नाही. इथल्या पाड्यांवरच्या घरांमध्ये शेतात नवीन भात आला की तो लगेच कुणी खात नाही. आधी "नवं" करतात. नव्या भाताचे तांदूळ कांडून शिजवायचे, देवापुढे ठेवायचे, गेलेल्या माणसांसाठी बाहेर ठेवायचे आणि मग घरातल्या थोरल्यानं पहिला घास घ्यायचा. त्यानं घेतला की बाकीच्यांनी. तोवर घरात जुनंच खायचं. शिवाय आपलं नवं खाल्ल्याशिवाय गाव सोडून पोटासाठी बाहेर राहायला जायचं नाही. भोयांच्या घरात याला आणखी एक शेपूट आहे: थोरल्यानं पहिला घास नुसता गिळून चालत नाही. "दाणा दाताखाली यायला पायजे, तवा भाताला कळतं का आपण घरी आलो," असं मामांचे आजे सांगून गेले, आणि मामा ते जमिनीच्या कागदासारखं जपतात.

आता या घरात थोरले म्हणजे मामा. आणि मामांचा जबडा बांधलेला.

कुडाच्या पलीकडे, त्याच छपराखाली, काशिनाथ, त्याची बायको सुमन आणि लहानगी रेणू राहतात. दरवर्षी नवं झालं, दिवाळी झाली, की हे तिघं वसईकडं वीटभट्टीवर जातात ते थेट होळीला परततात. यंदा दिवाळी जुन्या तांदळावर झाली. मी सुट्टी संपवून कोल्हापूरहून आले तरी नवं व्हायचं होतं, नवा भात कणगीत तसाच होता, काशिनाथ अंगणात फोन कानाला लावून येरझारा घालत होता आणि त्याच्या उलट्या दिशेनं मामा येरझारा घालत होते. दोघं मध्ये भेटले की एकमेकांकडे बघायचे नाहीत.

"सेठचा फोन येतोय, बाई," काशिनाथ मला म्हणाला. "बाकीच्या सगळ्या नवरा-बायकोच्या जोड्या पोचल्या. टेंशन हाय नुसतं. जागा भरली का आमची छुट्टी."

"मग उरका की."

"दादाला सांगा ना. दादाचं तोंड उघडत नाय."

ते काही खरं नव्हतं. दादाचं तोंड दिवसभर उघडंच होतं. मामांनी मऊ पदार्थाच्या शोधात सगळा पाडा पालथा घातला होता. हातात एक स्टीलची वाटी, खिशात चमचा, आणि सकाळपासून फेरी सुरू. कुणाच्या दारात उभं राहून विचारायचं, "नरम काय हाय?" लोक मायेनं द्यायचे. मामा एक चमचा तोंडात घेऊन डोळे मिटायचे, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्यायचे आणि निकाल द्यायचे. निकाल रस्त्यांच्या भाषेत असायचा, कारण दुसरी भाषा त्यांना सुचतच नाही.

सुमननं नागलीची आंबील केली. "डांबरी रस्ता हाय, पण पाणी साचलंय," मामा म्हणाले. शेजारच्या घरात करांद्याचे कंद उकडले होते, ते हातानं कुस्करले तरी मऊ लागतात. मामांना त्यात खड्डे लागले. डांगराची भाजी घाटातल्या वळणासारखी वाटली, "मधेच रेषा येती, बाई, दातात धरती." जव्हारच्या बाजारात जाऊन त्यांनी आइस्क्रीम खाल्लं, जाता-येता एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून, आणि आल्यावर सांगितलं की थंडीनं टाके आखडले. केळ्याबद्दल तर ते नीट बोलायलाही तयार नव्हते. "केळं चावायचं असतं, हे माझ्या दातानं कधी मानलंच नाय."

माझ्याकडे ते दिवसातून कितीदा यायचे याला गणती नाही. मी वह्या तपासायला बसले की दारात सावली हलायला लागायची. मी मुगाची खिचडी केली. माझी खिचडी कुकरमधून कशी बाहेर येईल हे माझ्याही हातात नसतं, ते सोडा.

"बाई, राग मानू नका," चमचा चाटत मामा म्हणाले, "पण ह्याच्यावर खडी टाकलीय, रोलर फिरवायचा राहिलाय."

मी दात-ओठ खाऊन तीच खिचडी रवीनं घुसळली.

"आता?"

"आता माती झाली."

मी शिरा केला, तो गोड म्हणून दाढेच्या खड्ड्यात शिरला. दहीभात केला, त्यातली मोहरी सापडली. दुधात बिस्कीट बुडवून दिलं, ते चमच्यातून पडून वाटीच्या तळाशी गेलं आणि मामा त्याच्यासाठी हळहळत दोन घरं पुढं निघून गेले. गुरगुट्या भात दिला तर म्हणाले, नव्याच्या आधी जुन्या भाताचं इतकं कौतुक बरं नाही. माझं डोकं फिरलं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की तुम्हाला मऊ नकोय, तुम्हाला फिरायला निमित्त हवंय.

"गाडी सुटायला वेळ हाय, बाई," मामा म्हणाले. ही त्यांची ठेवणीतली ओळ. कुणी कसलीही घाई केली की हेच. "डॉक्टर हळूहळू बोललाय."

रोज संध्याकाळी रेणू त्यांची तपासणी करायची. "मोठा बाबा, आ कर." मामा वाकून आ करायचे. ती आत डोकावून गंभीरपणे सांगायची, "अजून लाल हाय." मग दोघं खूश. काशिनाथ कपाळावर हात मारायचा.

एका शनिवारी त्यानं स्फोट केलाच. सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "परवा टेम्पो येणार हाय! सेठ बोलला, आलात तर आलात, नाय तर दुसरी जोडी उचलतो. दादा, पेज करतो, पाणी करतो, गिळ एकदाचं आणि सोड आमाला!"

"नवं गिळत नाय," मामा शांतपणे म्हणाले.

"मग चाव!"

"हळूहळू."

काशिनाथनं हातातलं फावडं फेकलं. तो वाईट माणूस नाही. भट्टीवरची जागा गेली तर पावसाळ्यापर्यंत घरात काय खायचं, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत दिसत होता. मला त्याची दया आली आणि मामांचा खरोखर राग आला.

रविवारी दुपारी पाड्यावर सामसूम होती. मी दोरीवरचे कपडे काढत होते. तेवढ्यात चिंचेच्या झाडामागून आवाज आला.

कट्ट.

मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं पुन्हा. कट्ट. मी चादर खांद्यावर टाकून झाडाला वळसा घातला. मामा खोडाला खांदा लावून उभे होते. जबडा मजेत फिरत होता. मला बघितलं आणि जबडा होता तिथे थांबला.

"मामा!"

"डाव्या बाजूचा हाय, बाई," ते घाईनं म्हणाले. "ऑपरेशन उजव्या बाजूला झालंय."

"मग उजव्या गालात काय आहे?"

"तो पण चिंचोकाच हाय. नरम व्हायाला ठेवलाय."

मी हसायला हवं होतं. पण मला काशिनाथचं तोंड आठवलं आणि मी कोल्हापूरवर गेले. म्हटलं, तुमच्या चोचल्यांसाठी मी तेवढी खिचडी घुसळली. त्या काशिनाथची जागा जाईल, त्याच्या पोरीच्या तोंडचं जाईल, आणि तुम्ही इथं लपून चिंचोके फोडताय. कधीपासून बरं वाटतंय तुम्हाला?

  मामा झाडाभोवती फिरायला लागले. मी मागोमाग. चादर मातीतून ओढली जात होती तेही मला कळलं नाही.

"टाके कवाच विरघळले," चालता चालता ते म्हणाले. "तुम्ही सुट्टीवरनं यायच्या आधीच."

"मग हे काय चाललंय सगळं?"

मामा थांबले. त्यांना थांबलेलं बघायची मला सवय नव्हती.

"बाई, तुम्ही शिकवता तवा पोरं समोर असतात. माझी पाठीमागं असायची माणसं. कोणाची म्हस व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, कोण रडतंय, कोण भांडतंय. मी वळून कधी बघितलं नाय, बघायचं कामच नाय. पण आवाज येतोय म्हंजे गाडी भरलेली हाय, एवढं कळायचं. आता घरात बसलो का पाठीमागनं कायच येत नाय. मना वाटतं, गाडी रिकामीच चालवतोय का काय. मग उठतो. भायेर येतो."

मी मातीत लोळणारी चादर गोळा केली.

"हे लोक हायत तवर बरं हाय. कुडाच्या पलीकडं रेणू बडबडती, सुमन भांडी आपटती, काशा फोनवर कोणाला तरी शिव्या देतो. तवा जरा पाठ टेकतो. नवं खाल्लं का ते जातील. मग होळीपर्यंत..." ते खिशावर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहिले.

मला वाईट वाटलं.  इतकी वर्षं हा माणूस माझ्या दारासमोरून चकरा मारत होता आणि मी त्याला दारातून बाजूला हो म्हणत होते.

"काशाला सांगणार काय?" मामांनी विचारलं.

"नाही सांगणार. पण मामा, टेम्पो उद्या येतोय."

"वेळ हाय," ते सवयीनं म्हणाले.

"नाही, मामा. या खेपेला नाही."

त्यांनी गालातला चिंचोका काढला, शर्टाला पुसला, आणि टाकून द्यायचा की खिशात ठेवायचा हे न ठरल्यासारखे बराच वेळ हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सकाळीच करतो नवं. तुम्ही पण या."

संध्याकाळी सुमन आमंत्रण द्यायला आली. आनंदात होती, पण फार नाही. मी साळसूदपणे विचारलं, "मामांचं दुखायचं थांबलं वाटतं?"

ती माझ्याकडे बघून हसली. "बाई, झाडाखालची टरफलं कोण झाडतं?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"रोज सकाळी हे उठायच्या आधी मीच झाडून टाकत होते. ह्यांना दिसलं असतं तर त्याच दिवशी नवं झालं असतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांना आमच्यासंग राहावं वाटतं. मना तरी कुठं घाई हाय? भट्टीवर रेणूला अंगण नाय, का मोठा बाबा नाय."

सोमवारी सकाळी मी शाळेच्या आधी त्यांच्या घरी गेले. या घरचं नवं मी कधी बघितलेलं नव्हतं. दरवर्षी ते दिवाळीच्या सुट्टीत व्हायचं आणि मी तेव्हा कोल्हापुरात चकल्या तळत असायचे. सुमननं पहाटे उखळात तांदूळ कांडले होते. सगळ्या घरात नव्या भाताचा वास होता. उडदाची आमटी होती, सागाच्या पानांवर भात वाढलेला होता. देवापुढे ठेवून झालं, गेलेल्यांचा वाटा बाहेर ठेवून झाला.

आणि मामा बसले.

नवं उभ्यानं खायचं नसतं. थोरल्यानं सगळ्यांत पुढं, देवाकडे तोंड करून बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागं ओळीनं. मी अगदी शेवटी, दाराजवळ बसले. माझ्यापुढे सुमन, तिच्यापुढे काशिनाथ आणि रेणू, आणि सगळ्यांच्या पुढे मामांची पाठ. मान ताठ, खांदे जरा पुढं. ती पाठ नाशिकच्या गाडीत कितीतरी लोकांनी बघितली असेल.

मामांनी घास घेतला आणि चावायला सुरुवात केली.

आधी सगळे गप्प होते. मामा चावत राहिले. नवा तांदूळ तो, मऊ शिजलेला, त्याला एवढं चावायचं काय असतं? पण मामा सावकाश, डाव्या बाजूनं, मग उजव्या बाजूनं, चावत राहिले. रेणू चुळबुळायला लागली. तिनं काशिनाथला चिमटा काढला. काशिनाथ तिला रागावला. सुमन त्याला रागावली, की सणाच्या दिवशी पोरीला बोलू नका. काशिनाथ म्हणाला, बोचकी बांधलीस का, भट्टीवर तवा राहिला तर मी आणणार नाय. सुमन म्हणाली, गेल्या वर्षी तवा कोण विसरला होता? रेणू म्हणाली, मी मांजर घेऊन जाणार. सगळे एकदम बोलायला लागले. बाहेर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. काशिनाथचा फोन खिशात वाजत होता. त्यानं काढून बघितला, पुढच्या पाठीकडे बघितलं, आणि बंद करून मांडीखाली ठेवला. मग तोच रेणूला मांजराच्या तिकिटाचं विचारायला लागला, गरजेपेक्षा बराच मोठ्या आवाजात.

मामा चावत होते. मांडीचा उजवा पाय त्यांनी सोडला होता आणि तो जमिनीवर जरा पुढं सरकला होता.

"मोठा बाबा, गिळ ना," रेणू शेवटी म्हणाली. "मना भूक लागली."

"वेळ हाय," मामा भरल्या तोंडानं म्हणाले.

गोंगाट ओसरला. मग मलाच राहवेना, आणि मी मागून सुमनला विचारलं, की मांजराला डबा कोण देणार. पुन्हा सगळे हसले, पुन्हा गोंगाट झाला. त्या गोंगाटात गिळताना मामांची मान एकदा हलली.

"खा," ते म्हणाले.

मागं पानांचा आवाज सुरू झाला. टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. मामा तसेच देवाकडे तोंड करून बसून होते, मागं वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही.